बर्फावरून गेलेला यल्मारी

गोठलेला समुद्र स्कीवरून ओलांडून यल्मारी स्वीडनला गेला आणि तिथून जर्मनीला, आपल्या देशावर राज्य करणाऱ्या झारच्या फौजेशी लढायला शिकायला. गावात हे फक्त त्याच्या बायकोला, लेम्पीला, ठाऊक होतं. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "लाकूडतोडीला गेलाय उत्तरेत."

दुसरा हिवाळा आला तरी लाकूडतोड संपेना. मग शेजारची फीना सौनात, गावच्या वाफेच्या न्हाणीघरात, बोललीच, "अगं, जंगलात दुसरी भेटली असेल त्याला. कुणाची वाट बघतेस?"

बायका फिदीफिदी हसल्या. लेम्पीनं डोक्यावरून पाणी ओतून घेतलं, म्हणजे डोळ्यांतलं कुणाला दिसायला नको. खरं बोलली असती तर फीनाचं तोंड बंद झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी शिपाई दारात आले असते. यल्मारीचा लोकरी सदरा ती धूतही नव्हती, वास जाईल म्हणून.

डिसेंबरात देश स्वतंत्र झाल्याची बातमी आली. त्या रविवारी चर्चच्या आवारात लेम्पी सगळ्यांदेखत म्हणाली, "माझा नवरा लाकूडतोडीला गेला नव्हता!" खरं ऐकून फीना रडली आणि जपून ठेवलेली कॉफी घेऊन आली.

फेब्रुवारीत वासा बंदरात जर्मनीहून जहाज लागलं. परक्या गणवेशांच्या गर्दीत यल्मारी तिला चालीवरून ओळखू आला. तिनं त्याची बाही घट्ट धरली.

"घरी चल. सौना तापवते."

"आत्ता नाही गं. आपसातच लढाई पेटलीय. आम्हाला ताम्पेरे शहरावर जायचंय, कामगारांच्या लाल सैन्यावर."

लेम्पीचा भाऊ आर्व्हो ताम्पेरेच्या कापडगिरणीत होता, आणि लालांच्या बाजूनं.

"तिथं आर्व्हो आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे." यल्मारीनं मान खाली घातली.

"दिसला तर..." तिनं त्याची बाही आणखी घट्ट धरली.

वसंतात ताम्पेरे जिंकून यल्मारी परतला. आर्व्होचा पत्ताच लागला नाही.

"मला तो दिसला नाही, लेम्पी. शपथ."

तिनं विश्वास ठेवला. जिच्यासाठी झुरली ती चाल आता अंगणात रोज ऐकू येत होती, तरी तिचा जीव रस्त्याकडेच लागलेला.

स्वतंत्र देशातला पहिला मध्यग्रीष्माचा सण आला. किनाऱ्यावर होळी पेटली, लोक गात होते. एवढ्यात गिरणी कामगाराची टोपी घातलेला कुणी वाटेनं येताना दिसला, तशी लेम्पी ताडकन उठली. जवळ आला तो अनोळखी निघाला.

"बस ना," यल्मारी हळूच म्हणाला.

"बसते," ती म्हणाली, आणि उभीच राहिली.