सरळ विमानातली शेवटची जागा

तिकीट-कचेरीत तीन नंबरच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर आणि वेळ ती स्क्रीन न बघता सांगते. हे शहर आणि तिचं माहेर, या जोडीचं उत्तर तर तिला झोपेतून उठवलं तरी येईल: अकराशे ऐंशी किलोमीटर, सरळ विमानाने एक तास पन्नास मिनिटं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिने ते शोधलं होतं आणि मग तोंडात रुमाल कोंबून रडली होती.

कारण त्याच्या चार वर्षं आधी माहेरून दादाचा फोन आला होता. "अप्पा आजचा दिवस काढतील असं वाटत नाही. पण तू निघू नकोस. सरळ विमान नाही, फिरून अकरा तासांचा प्रवास आहे, पोचणार नाहीस." तोवर तिने विमान फक्त आकाशात पाहिलेलं. भावावर विश्वास ठेवून ती घरी बसली. अप्पा, तिचे वडील, त्यानंतर नऊ तास होते. तिने मनासारखं लग्न केलं, त्याचा राग दादाने असा काढला.

असलं काही विसरायला मोठं मन लागतं. ताईचं तेवढं मोठं नव्हतं आणि तिला त्याची लाजही वाटत नव्हती.

आज सकाळी साडेअकराला तोच दादा काउंटरसमोर घामाघूम होऊन उभा राहिला. कामासाठी या शहरात आलेला, परतीचं विमान रद्द झालेलं. आणि तिकडे त्याची लेक संध्याकाळी सहाला घरून परदेशी निघणार, पाच वर्षांसाठी.

"ठमे, काहीही कर, पण मला बसव."

पावणेदोनच्या सरळ विमानात एकच जागा उरली होती. ताईने ती रोखली. रोखलेली जागा दहा मिनिटं राहते, मग ज्याच्या हाताला लागेल त्याची.

"फिरून जावं लागेल," ती म्हणाली. "अकरा तास."

"अकरा? वेड लागलंय का तुला? दोन तासांचं तर अंतर आहे. वीस वर्षं ये-जा करतोय मी."

बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्याचा चेहरा पार उतरला. ताईला इतकं बरं वाटलं, इतकं बरं, की ती घोटभर पाणी प्यायली.

"चुकलं माझं," तो पुटपुटला. "जागा आहे ना?"

"एक आहे."

तिने नाव टाइप केलं. तिकीट छापून आलं तसा त्याने हात पुढे केला. तिने ते घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं आणि मॅनेजरला अर्ध्या दिवसाची रजा सांगितली.

"अप्पांजवळ तू होतास. भाचीला निरोप द्यायला आत्या जाईल."

"असं करू नकोस गं. ती माझी वाट बघत असेल. काय सांगशील तिला?"

"मी का आले नाही म्हणून अप्पांना तू काय सांगितलं होतंस?"

"तुला यायचंच नाही, असं," दादा खाली बघत म्हणाला.

हे ताईला आजवर माहीत नव्हतं. तिने काउंटरची कड घट्ट धरली. भाऊ म्हणून मनात कुठे काही उरलंसुरलं होतं, तेही गेलं.

"मग मीही तिला तेच सांगते. तू फोन करून काय समजवायचं ते समजाव. मी तिच्यासमोर उभी असेन," असं म्हणून ती टॅक्सी थांबवायला बाहेर पडली.