अर्ध्या बोटावर थांबलेली कृपा

बंद पडलेल्या टॉकीजमध्ये इतकी दाटी, की शिंक आलीच तर शेजाऱ्याच्या खांद्यावर द्यावी लागे. पडद्यापुढे फुंकरबाबा. तो आजाऱ्याचा हात काळ्या कापडाखाली घेई, डोळे मिटायला लावी आणि फुंकर मारी. मग पुढच्या रांगेत पंधरा मिनिटं बसायचं. त्यानंतर बोटात दाभण टोचलं तरी माणूस हसत राही. एकजण तर शपथेवर सांगे, बाबानं चुकून दारावर फुंकर मारली आणि दाराचं करकरणं कायमचं थांबलं.

शिंप्याच्या बायकोला मात्र हसू येत नव्हतं. मशीनची सुई नवऱ्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात घुसली होती. सहा दिवस रोज फुंकर चालू होती. फुंकरीनंतर दिवसभर ठणका नसे, पण बोट आधी जांभळं झालं, मग काळपट.

"अहो, वास येतोय त्याला. दवाखान्यात चला."

"दुखतंय का? नाही ना? मग गप बस. तिकडे सुई टोचून हात बधिर करतात. बाबा म्हणाले, तो हात पुन्हा जागा होत नाही."

ती एकटीच दवाखान्यात गेली. तिथली भूल देणारी डॉक्टरीण एका अभ्यासात गुंतलेली. पाठीत किंवा काखेत औषध देऊन रोग्याला जागेपणीच, न दुखता ऑपरेशन कसं सोसवेल, याचा तो अभ्यास. ती रोग्यांना बर्फ लावी आणि गारवा कुठे कळतो, कुठे नाही, ते वहीत टिपून ठेवी. शिंपिणीची हकीकत ऐकता ऐकता तिचं पेन थांबलं.

"पंधरा मिनिटं? आणि करंगळी?"

"तिला सगळं कळतं. बाबा म्हणतात, ती पापी आहे."

"पू वर चढला तर हात कापावा लागेल," डॉक्टरीण म्हणाली आणि बर्फाचा थर्मास घेऊन उठली.

शिंपिणीसोबत ती टॉकीजमध्ये पोचली तेव्हा शिंपी नुकताच फुंकर घेऊन पुढच्या रांगेत बसला होता. डॉक्टरीण शेजारी टेकली. पंधरा मिनिटं भरल्यावर तिनं त्याच्या अंगठ्याला बर्फ लावला.

"गार?"

"छे."

पुढची दोन बोटं, तेच. करंगळीशेजारच्या बोटाची अलीकडची बाजू, तेच. पलीकडची बाजू.

"हां, इथे गार लागतंय."

बाबानं पुढल्या म्हातारीचा हात कापडाखाली घेतलेलाच होता. तो गुरगुरला, "परीक्षा घेणारी तू कोण गं?"

"मी रोज माणसं बधिर करते, म्हणून विचारते. तुमची कृपा अर्ध्या बोटावर का थांबते? मनगटातून एक नस जाते. अंगठा, ही दोन बोटं आणि याची अर्धी बाजू, एवढाच तिचा मुलूख. तिथे औषध टोचलं की नेमकं एवढंच झोपतं."

"सुई कुठाय पण?" शिंपी पुटपुटला.

बाबाचे हात कापडाखाली घाईनं हलले. शिंपिणीनं ते कापड एका हिसक्यात ओढलं. त्याच्या बोटांत मधुमेहवाले वापरतात तसली बारीक सिरिंज होती, आणि म्हातारीच्या मनगटावर रक्ताचा ठिपका.

"मला मुंगी चावल्यासारखं झालं," म्हातारी हळूच म्हणाली. "म्हणाले, पाप निघतंय."

शेदोनशे माणसं आपापली मनगटं उजेडात धरून पाहू लागली. शिंप्याच्या मनगटावर सात ठिपके होते.

"यानं दुखणं घालवलं नाही," डॉक्टरीण म्हणाली. "दुखण्याचं तोंड दाबून ठेवलं. आत ते हात खातंय."

तासाभरात शिंपी ऑपरेशनच्या टेबलावर होता. डॉक्टरणीनं आधी सगळं सांगितलं: सुई काखेत, हात जड होईल, संध्याकाळी हाताला जाग येईल, तेव्हा दुखेल, मग गोळी देऊ. सांगितलं तसंच झालं. हात वाचला, मधलं बोट गेलं. संध्याकाळी तो कण्हला तेव्हा बायको उशाशी बसून रडलीही आणि तिनं सुटकेचा श्वासही सोडला.

मंडळी, बधिर करणं पाप नाही, ती मोठी विद्या आहे. पण कशानं, किती वेळ आणि पुढे काय, एवढं विचारून पाहा. या प्रश्नांचा ज्याला राग येतो, त्याच्या हाती आपला हात देऊ नका.