साडीगार्ड

लेकीचा संसार मोडला की लग्नात दिलेलं सामान टेम्पोत घालून परत येतं, ही आपल्याकडची रीत. शिल्पाचंही आलं. हिमायतनगरहून औशाजवळच्या तिच्या माहेरी टेम्पो येऊन थांबला, त्यात कपाट होतं, पलंग होता, घागरी होत्या, रुखवतातल्या दोन पत्र्याच्या पेट्या होत्या आणि सगळ्यांच्या मागं दोरखंडानं जखडलेली ती मोटरसायकल होती. जावयाला दिलेली क्रूझर. लांबलचक, बुटकी, मागं बसणारीला टेकायला गादी. गावानं शिल्पाकडं बघून च्च च्च केलं आणि गाडीकडं बघून म्हटलं, "बरं झालं बाबा, गाडी तरी वापस आली."

बघा म्हणजे माणसं!

तिच्या नवऱ्यानं, सोमेशनं, दुसरीच बाई घरात आणून बसवली होती. शिल्पा रडत बसली नाही, आपलं सामान मागून घेतलं आणि निघाली. लग्न झाल्यापासून ती त्या गाडीवर मागंच बसलेली. एका अंगानं, साडीगार्डला पाय टेकवून. साडीगार्ड म्हणजे पदर चाकात जाऊ नये म्हणून डाव्या बाजूला लावतात ती लोखंडी जाळी. पंचमीला माहेरी, लोकांच्या लग्नाला, नाहीतर दवाखान्यात. याच्या पलीकडं ती गाडी तिला कुठं घेऊन गेली नाही. सोमेश मात्र दोस्तांबरोबर गोव्याला जाऊन आला. आल्यावर गाडी धुतली कुणी? शिल्पानं. मडगार्डखालून मूठभर रेती निघाली. समुद्र तिनं बघितला तो एवढाच.

माहेरी आल्यावर औशातल्या एका दवाखान्यात तिनं नोकरी धरली आणि जायला-यायला तीच गाडी काढली. हात बसला. वर्ष सरलं नाही तोच वैजनाथमामा लातूरहून हजर. शिल्पाच्या आईचा, केवळाबाईचा, हा भाऊ सोयरिकी जुळवण्यात पटाईत, आणि जुळलेल्या टिकतात का हे बघायची त्याला कधी गरज वाटली नाही.

"दाजी, नांदेडचं स्थळ हाय," तो किशनरावांना म्हणाला. "दयानंद नाव पोराचं. बिजवर हाय, पर सोताचं दुकान हाय. आन गाडी नवी घ्यायचं कामच न्हाई. हाय की घरात! मी सांगून बसलोय तसं."

किशनराव शिल्पाचे वडील. कमी बोलणारा माणूस. गाडी कागदोपत्री त्यांच्याच नावावर, म्हणजे शेवटचा शब्द त्यांचा. ते एवढंच म्हणाले, "गाडी जावयाचीच असती म्हणा."

"आन मला कुणी इचारलं का?" शिल्पा चुलीपासून ओरडली.

"तुला काय इचारायचं?" मामा म्हणाला. "तुझ्याच भल्याचं करायलोय ना मी!"

शिल्पाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकदा गाडीसोबत दिलं, गाडीसोबत वापस आली, आता पुन्हा गाडीसोबत जायचं? गाडीसोबत फुकट मिळती का काय ही बाई?

दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टी टाकली, रुखवताच्या पेट्या पाठीमागं आवळल्या आणि थेट लातूर गाठलं. फॅब्रिकेशनवाल्या सिद्धरामपुढं गाडी उभी केली.

"भाऊ, हिच्यावर मला समुद्रापर्यंत जायचंय."

सिद्धरामनं गाडीला एक चक्कर मारली. "ताई, ही मिरवायची गाडी हाय. लांब जायचं तर लई बदलावं लागंल."

"बदला."

पाय पुढं ताणून बसायची ती ऐट पहिली गेली. फूटरेस्ट मागं घेतले, हँडल तिच्या हाताच्या मापात आणलं. मागचे शॉकअप नवे बसवले. वाऱ्यासाठी पुढं काच आली, खाली दोन जादा दिवे आले. सीटचा फोम फाडून जाड, घट्ट भरला. राहता राहिल्या पेट्या.

"दोन्हीकडं पेट्या लावायच्या तर साडीगार्ड काढावं लागंल," सिद्धराम म्हणाला.

"काढा."

"त्याच्यावर कॅरिअर बसवायचं तर मागची सीटबी काढावी लागंल."

"काढा."

"मग मागं माणूस कुठं बसायचं?"

"कुठंच न्हाई," शिल्पा म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी तिला मोकळं हसू आलं.

गाडी अंगणात आली तेव्हा केवळाबाईनं तोंडाला पदर लावला. "अगं बया! रुखवताच्या पेट्या गं ह्या! काय करून आणलंस हे?"

"रिकाम्याच पडल्या होत्या, माय."

शिल्पानं मागची सीट गोठ्यात ठेवली आणि साडीगार्ड खुंटीला अडकवलं. त्या खुंटीवर जुनी दावी लोंबत होती. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नसतं, घरची लक्ष्मी जाते, म्हणून औशाच्या बाजारातून किशनराव दर वेळी दावं तेवढं परत घेऊन यायचे. दाव्यांच्या मधोमध ते साडीगार्ड बघून ते क्षणभर थबकले आणि वैरण टाकायला पुढं गेले.

रविवारी पाहुणे आले. दयानंद, त्याचा चुलता आणि पुढं पुढं करणारा मामा. पोहे झाले. चुलत्यानं शिल्पाला नाव विचारलं, शिक्षण विचारलं आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आधीच म्हणाला, "बरं, गाडी दावा की."

सगळे अंगणात गेले. मामा पुढं, आणि सगळ्यात आधी त्याचाच चेहरा पडला.

"हे काय हो?" चुलता म्हणाला. "ही गाडी हाय का गाढव? आन सीट कुठाय मागची? जोडीनं बसायचं कसं?"

"दोन नटबोल्टाचं काम हाय, पाव्हणं!" मामा घाईनं म्हणाला. "पेट्या काढू, सीट बसवू. व्हय ना दाजी? सांगा की तुम्ही."

सगळे किशनरावांकडं बघायला लागले. किशनराव गाडीकडं बघत होते. शिल्पाला कळून चुकलं की आबांनी नुसती मान हलवली तरी सगळं संपलं. पण गप्प बसून पहिल्या खेपेला काय मिळालं होतं?

ती तरातरा गोठ्यात गेली. खुंटीवरचं साडीगार्ड काढलं आणि चुलत्यापुढं धरलं.

"लोक जनावर देतात आन दावं ठेवून घेतात. आमच्यात आजपासून उलटं. हे दावं घेऊन जा, काका. ह्याच्यावर पाय टेकवून मी गुमान बसले. नवरा गोवा बघून आला आन मी त्याच्या चाकातली रेती धुतली. ह्यापुढं मी कुणाच्या मागं बसायची न्हाई, आन कुणाची गाडी धुवायची न्हाई."

"अगं ए, तोंड सांभाळ!" मामा खेकसला. "दाजी, तुमच्या नावावर हाय गाडी. तुम्ही बोला!"

दयानंद बिचारा आपल्या चपलांकडं बघत होता. किशनराव पुढं आले. त्यांनी लेकीच्या हातातलं साडीगार्ड काढून घेतलं.

मग त्यांनी ते स्वतःच्या हातानं चुलत्याच्या हातात दिलं.

"घ्या, पाव्हणं," ते म्हणाले. "गाडी जावयाला एकदा दिली, चुकलं माझं. आता लेकीला दिली."

चुलत्यानं ते लोखंड तिथंच आदळलं आणि पाहुणे निघाले. मामा फाटकापर्यंत बडबडत गेला, "पोरीला डोक्यावर बसवून ठेवा! पस्तावताल, दाजी!"

"डोक्यावर न्हाई रे वैजनाथ," केवळाबाई मागून म्हणाली, "गाडीवर बसली हाय ती."

पुढच्या आठवड्यात, उन्हं तापायच्या आत, शिल्पा निघाली. एका पेटीत कपडे, दुसरीत पंक्चरचं सामान आणि केवळाबाईनं फडक्यात बांधलेले धपाटे. पेटीचं झाकण नीट लागलं का ते किशनरावांनी तीन-तीनदा बघितलं.

"आबा, येताना काय आणू?"

किशनरावांनी मागच्या चाकावरून हात फिरवला.

"रेती आण, किती बी. ह्या बारीला गाडी मी धुतो."