हळदीत वाजलेलं बापाचं गाणं

सुधाकरच्या डाव्या हाताची बोटं स्टीलच्या पेल्याला लागली की टक् असा आवाज येतो. उन्हात वाळलेली तुरीची शेंग फुटावी तसा, बारका आणि कोरडा. गिटारीच्या तारा दाबून दाबून त्याच्या बोटांच्या टोकांची कातडी खुरासारखी टणक झाली आहे. माझा हा पोरगा आता छप्पन्न वर्षांचा आहे. दाढी पांढरी, केस मागे बांधलेले, आणि नागपूरहून दिग्रसला घरी आला की भाजीबाजारात लोक त्याच्याकडे वळून पाहतात. मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात तो ओट्यावर बसतो तेव्हा गिटार जवळ नसली तरी त्याची बोटं मांडीवर हलत राहतात, गाय बसल्या जागी कान हलवते तशी. त्याला ते ठाऊकही नसतं.

नागपूरला कॉलेजात असताना त्यानं तीन मित्रांबरोबर बँड काढला. लग्नातला बँड नव्हे. रॉक म्हणतात तो. तिघांचे केस पिकले, एकाचे गेले, पण बँड मोडला नाही. त्यांचं गाणं म्हणजे वैशाखातली दुपार. पत्रे तापलेले, सावली कुठे नाही, आणि कुणीतरी लांबून जीव तोडून हाक मारतो आहे. मला ते कधी आवडलं नाही आणि मी ते लपवलंही नाही. "गात काहून नाई, वरडता कायले?" असं मी विचारायची, तो हसायचा. मात्र त्या ओरडण्यात माझा पोरगा कोणता, हे मला डोळे मिटूनही कळायचं.

यंदा त्यांचा नवा अल्बम आला आणि त्यात वैशाख नव्हताच. नाचायचा ठोका होता. एकसारखा, गुळगुळीत, वाहत्या कालव्यासारखा. कुठे थांबत नाही, कुठे अडत नाही. त्यावरून लोकांत दोन तट पडले. आमच्या भिंतीला लागून रफीकचं मोटरसायकलचं गॅरेज आहे. तो सुधाकरचा शाळेपासूनचा दोस्त. बँडच्या जुन्या कॅसेटी त्यानं पान्यांच्या पेटीत अजून जपून ठेवल्या आहेत. नवा अल्बम ऐकून तो हातातलं ग्रीस न पुसताच माझ्या दारात आला.

"काकू, सुधानं नाक कापलं आपलं! पहिले त्याचं गाणं ऐकलं तं अंगावर काटा येत होता. आता कंबर हालते. कंबर हालवणारे डीजे काय कमी होते का?"

"तुही हालली का?"

त्यानं ग्रीसचे हात पँटला पुसले. "हालली थोडीशी. म्हणूनच तं राग येऊन राह्यला."

रफीकच्या पोरी मात्र छतावर कपडे वाळत घालतानाही तीच गाणी लावायच्या. कुणीतरी फोनवर लिहिलं होतं की हे म्हातारे पैशासाठी विकले गेले. दुसऱ्यानं लिहिलं की ते आत्ता कुठे तरुण झाले. एकीनं लिहिलं, हा ठोका दिग्रसच्या जिनिंगमधल्या मशीनचा आहे. तो जिनिंगचा नाही. माझा नवरा तिथे रेच्यावर कामाला होता, सरकी वेगळी काढणाऱ्या त्या मशीनचा आवाज मी कितीदा फाटकापाशी डबा घेऊन उभं राहून ऐकला आहे. त्यावर माणूस फक्त खोकू शकतो.

माझी अडचण अल्बमची नव्हती, त्यातल्या एका गाण्याची होती. ते गाणं नवं नव्हे. पहिल्या कॅसेटवर सुधाकरनं ते आपल्या बापावर म्हटलं होतं, अगदी संथ. पांढरा होऊन येतो बाबा, पाणी लावलं की काळा होतो, असे त्याचे शब्द. ते खरं होतं. संध्याकाळी हा माणूस भुवयांना, कानांना, मिशीला कापूस लावून दारात उभा राहायचा, म्हाताऱ्यासारखा. रांजणाजवळ तोंड धुतलं की पुन्हा तरणा. पुढे छातीचं दुखणं झालं आणि चाळिशी गाठायच्या आधीच तो गेला. सुधाकर तेव्हा शाळेत होता. जुन्या चालीत तो शेवटी नुसती हाक मारायचा, शब्दावाचून. रफीक त्या जागी पाना खाली ठेवायचा. आता नव्या अल्बममध्ये तेच गाणं त्यांनी नाचायच्या ठोक्यावर बसवलं होतं.

ते मी पहिल्यांदा नीट ऐकलं ते आर्णीला, माझ्या भाचीच्या पोरीच्या हळदीत. मांडवात पिवळा उजेड होता, पोरी पिवळ्या, नवरी कोपरापर्यंत पिवळी. डीजेवाल्यानं ते गाणं लावलं आणि सगळ्या किंचाळल्या. हात वर गेले. "पांढरा होऊन येतो बाबा" म्हणत माझ्या ओळखीच्या आणि बिनओळखीच्या पन्नास बाया माझ्या नवऱ्यावर नाचू लागल्या. माझा पायही खुर्चीखाली हलत होता. तो हलतो आहे हे दिसलं आणि मी उठले.

"बंद कर ते," मी डीजेवाल्याला म्हटलं.

त्यानं केलं. एवढ्या आवाजानंतरची शांतता फार उघडी असते. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. भाची लता धावत आली. "काय झालं वं मावशी? कान दुखले का?"

काय झालं ते मलाच सांगता येईना. "काई नाई. लाव," म्हणाले आणि बसले. त्यांनी दुसरंच गाणं लावलं.

काकूनं तुझंच गाणं बंद करवलं, ही बातमी रफीकनं माझ्याकडून ऐकून मोठ्या आनंदानं सुधाकरला फोनवर दिली. दुसऱ्या दिवशी सुधाकर बसनं घरी आला. पिशवी ठेवली, पाणी प्याला आणि ओट्यावर बसला.

"यवतमाळले प्रोग्राम आहे आई. त्या गाण्याचं काय करू ते तूच सांग. जुन्या चालीनं म्हणू, का म्हणूच नको? तू म्हणशील तं अल्बममधूनही काढतो. बाकीचे तिघं चिडतील, चिडू दे."

"बापावर लोक नाचवाले कायले लागले तुले?"

त्यानं रिकामा पेला बाजूला सारला आणि म्हणाला, "जुन्या चालीत आता मले रडू येत नाई. तरी लोक बसले असतात वाट पाहत, की हा आता रडन. मंग मी रडाचं सोंग करतो. ह्या चालीत सोंग नाई करा लागत. बाबा खरेच दारातून आत येतात."

मला त्यातलं अर्धं कळलं. उरलेलं अर्धं मी भाकरी थापताना, तूर निवडताना उलटून पालटून पाहिलं, तरी ते एका बाजूला बसेना. रफीक भिंतीपलीकडून ओरडून गेला, "अबे, जुन्या चालीत म्हणशीन तं पयल्या रांगेत बसतो, नाई तं उठून जातो!" सुधाकर हसलाही नाही. त्या दिवसांत त्याची बोटं मांडीवर नुसती पडून होती. घरात त्याच्या असण्याचा एक आवाज असायचा, तो गेला होता. मी नाही म्हटलं तर तो आवाज कायमचा जाईल आणि हो म्हटलं तर माझा नवरा मांडवामांडवातून नाचवला जाईल, एवढंच मला दिसत होतं.

अशात गल्लीतले शेषरावबुवा वारले. नव्वदीच्या घरातले, नातवंडं-पतवंडं पाहिलेले. आमच्याकडे असा पिकला माणूस गेला की भजनी मंडळ पुढे टाळ-मृदंग घेऊन पावल्या खेळत जातं. गुलाल उडतो, नातू नाचतात, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. रफीक शटर अर्धं ओढून उभा होता, मी आणि सुधाकर दारात. टाळांचा ठोका गल्लीत भरून आला. सुधाकरच्या बापापुढे कुणी पावली टाकली नव्हती. तरण्या माणसाला मुकाट्यानं नेतात. त्या दिवशी फक्त चपलांचा आवाज होता.

"त्या गाण्यातला तुया बाप केवढा आहे?" मी विचारलं.

"केवढा म्हणजे?"

"वयानं."

"गेला तेवढाच. चाळिशीच्या आतला."

"मंग त्याले तसाच ठेवतं का? मी म्हातारी झाली, तुई दाढी पिकली. त्यालेही म्हातारा होऊ दे. तेवढा जगला असता तं त्याच्यापुढेही लोक नाचले असते. नाचू दे."

हे मी बोलले खरं. ते मला पटलेलं होतं म्हणून बोलले, की त्याची पडून राहिलेली बोटं पाहवेनात म्हणून, ते आजही सांगता येत नाही.

यवतमाळला मी रफीकबरोबर एसटीनं गेले. पुढच्या रांगांत जुने ऐकणारे होते, काळे टीशर्ट, सुटलेली पोटं, हाताची घडी. मागे पोरापोरींचं मोहोळ उठलेलं. ते गाणं सुरू झालं तेव्हा पुढचे काहीजण खरंच उठून गेले. "जाऊ का मीही?" रफीकनं विचारलं. मी म्हटलं, "जा." तो गेला नाही. "गुडघे दुखून राह्यले काकू," म्हणाला आणि समोर पाहत राहिला. सुधाकरनं उजेडाच्या आडून मला शोधलं. मी मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, देव जाणे. त्यानं हो धरलं. मागची पोरं उसळली आणि पांढऱ्या दाढीचा माझा पोरगा "बाबा" म्हणून हाक मारू लागला. ज्याला मारत होता तो त्याच्याहून कितीतरी लहान, काळ्या मिशीचा, भुकेला, कामावरून आलेला. वर्षं आम्हाला पुढे ओढत नेतात आणि गेलेल्याला आहे तिथेच उभं ठेवतात. हळूहळू आपला नवरा आपल्याला लेकराच्या वयाचा दिसू लागतो. मग त्याला बायको होऊन आठवायचं की आई होऊन, हे मला अजून कळलेलं नाही.