यानीराच्या दातांवरचा पिवळा लेप

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या तोंडात आरसा घातला आणि बोलता बोलता थांबल्या, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिघडलंय. एरवी बोटीतून उतरल्यापासून परत चढेपर्यंत त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू असतो.

"नेल्दा, इकडे ये. गेल्या ऑगस्टमध्ये पांढरे डाग होते, ती हीच ना?"

हीच. यानीरा, साडेचार वर्षांची. तेव्हा तिच्या वरच्या पुढच्या दातांना हिरडीलगत खडूसारखे डाग होते. बाई म्हणाल्या होत्या, किडायच्या आधी दात असाच पांढरा पडतो. अजून भोक पडलेलं नाही, फ्लोराइडचा लेप टिकला तर दात पुन्हा घट्ट होईल. दातांची बोट आमच्या बेटावर वर्षातून दोनदाच येते. ऑगस्टला लेप लावला, मार्चला पुन्हा लावला. आता पुन्हा ऑगस्ट, आणि बालवाडीतल्या अकरापैकी दहा पोरांचे दात ठीक होते. यानीराच्या मात्र दोन दातांना भोकं पडली होती आणि त्यातल्या एकाच्या वर हिरडीला पुवाची पुळी आली होती.

"हा काढावा लागेल," बाई म्हणाल्या. "बाकीचे अजून हातात आहेत. घरी काय चालतं ते बघून ये. उद्या दुपारी बोट सुटणार."

मी इथल्या दवाखान्यात सोळा वर्षं काम करते. माझे स्वतःचे वरचे सगळे दात खोटे आहेत. आमच्या लहानपणी दुखला की उपटा, एवढंच औषध होतं. एकोणिसाव्या वर्षी माझं वरचं तोंड रिकामं झालं. म्हणून पोरांच्या दातांच्या बाबतीत मी जरा खडूस आहे, हे अख्खं बेट सांगेल. तावातावाने टेकडी चढून रुदेसिंदामावशीकडे गेले. ही यानीराची आजी, पोरीला तीच सांभाळते. पोरीची आई समुद्रापलीकडे सॅमन माशांच्या कारखान्यात असते, पंधरवड्याने येते.

मावशीने न विचारताच माते, म्हणजे आमच्याकडचा पाल्याचा कडू चहा, ओतलं, तीन चमचे साखर घातली आणि सगळे ज्या एकाच नळीने ओढतात ती माझ्याकडे वळवली. मातेला नाही म्हणणं म्हणजे भांडण उकरून काढणं. मी कडू-गोड घोट घेतला. माझ्यानंतर पाळी यानीराची.

"हिला हे दिवसातून किती वेळा?"

"मी पिते तेव्हा पिते. मी काय एकटीच ओढत बसू?"

"अगं मावशी, दिवसभर साखर फिरतेय तिच्या दातांवरून."

"तुझ्याही फिरली होती की. मीच पाजायचे तुला."

"म्हणूनच माझे दात पेल्यात झोपतात!"

ती खदखदून हसली. मला हसू आलं नाही. "आणि तो लेप? त्याचं काय केलंस?"

"तो पिवळा राडा? घासून काढला. चुलीतली राख घेतली नि फडकं. लख्ख केले दात."

"दोन्ही वेळा?"

"मग! शनिवारी तिची आई येणार, तिला पिवळे दात दाखवू? आजीच्या हाती दिली नि आजीने वाऱ्यावर सोडली, असं म्हणेल ना ती."

माझा पारा चढला. "दप्तरात कागद पाठवला होता, त्यावर सगळं लिहिलं होतं! वाचला नाहीस?"

मावशीने किटली उगाच इकडची तिकडे केली. "वाचला की."

मावशीला वाचता येत नाही. सगळ्या बेटाला ते ठाऊक आहे आणि कोणी तसं दाखवत नाही. चर्चमध्ये ती पुस्तक उघडून बसते आणि शेजारीण हळूच तिचं पान उलटून देते. आमच्याकडची ही रीत. मलाही ठाऊक होतं, तरी दोनदा मी तो कागद दप्तरात घातला आणि माझं काम झालं म्हणून मोकळी झाले. तोंडाने सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण मग तिला कळलं असतं की मला माहीत आहे. आता राग आला तो माझा मलाच.

"एक दात काढावा लागणार," मी म्हटलं. "पुढचा."

तिने यानीराकडे पाहिलं. पोरगी नळी चावत बसली होती.

"नवा येईल ना?"

"दोन-अडीच वर्षांनी."

"आणि बाकीचे?"

"उद्या पुन्हा लेप लावू."

एवढंच बोलून मी उठले. लेपानंतर काय करायचं ते तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही. इतकी भित्री मी.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत यानीराला मांडीवर घट्ट धरून मी बसले. सुईला घाबरून तिने असा टाहो फोडला की बाहेरच्या आयांची बडबड थांबली. दात निघाला. मग बाईंनी उरलेले दात कापसाने कोरडे केले आणि बारीक ब्रशने लेप फिरवला. मी सवयीने कागदांचा गठ्ठा घेऊन वाटायला लागले. मावशीसमोर आले आणि माझा हात अडला. ती यानीराला कडेवर घेऊन उभी होती. पोरीच्या ओठांतून कापसाचा बोळा डोकावत होता.

"कागद नको," मावशी म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "तोंडाने सांग. मला वाचता येत नाही."

कोणी खिडकीकडे बघितलं, कोणी बुटांकडे. मावशीची मान लाल झाली होती, पण तिने नजर हलवली नाही.

"दात पिवळे दिसतील. दिसू देत," मी सांगायला लागले. "आज घासायचे नाहीत. राख तर कधीच नाही. गरम नको, कडक नको. उद्या सकाळी ब्रश कर, पिवळेपणा आपोआप जाईल. आणि माते तू एकटीने प्यायचं."

"आजच्या दिवस?"

"रोज."

हे तिला दात काढण्यापेक्षा जड गेलं. "परत सांग. सगळं."

मी परत सांगितलं. तेव्हा लक्षात आलं, दाराशी उभ्या असलेल्या दोन आज्या हातातले कागद दुमडून खिशात घालत पुढे सरकल्या होत्या. माझ्याकडे न बघता, ओठ हलवत, त्या माझा शब्द न शब्द पाठ करत होत्या. त्यांच्या नातवंडांचे दात अजून शाबूत होते, ते माझ्या कागदांमुळे नव्हेत.