चिडाची मुळं

एकशे बारा रोपांपैकी एकशे दोन पिवळी पडली होती आणि ती पुन्हा मोजायचं त्राण विनोदिनीत उरलं नव्हतं. तेलंगणातल्या उटनूरबाहेरच्या या खाजगी रोपवाटिकेत चिडाची बी येऊन चार वर्षं झाली होती. हिमालयाच्या उतारावर चीड, म्हणजे तिथला पाइन, कोणी न लावता उगवतो. जाड सालीमुळे वणव्यातून निभावतो, खोडाला खाच पाडली की राळ देतो, राळेचं टर्पेंटाइन होतं आणि लाकडाची खोकी नि चौकटी होतात. आपल्या देशातलंच झाड, मग आपल्या पठारावर का नको, असं हैदराबादेतल्या वरिष्ठांना वाटलं. विनोदिनी वनस्पतिशास्त्र शिकलेली, म्हणून बियांची पिशवी तिच्या टेबलावर आली.

पहिल्या दोन वर्षांची रोपं अंगठ्याएवढी होऊन थांबली. चिडाच्या मुळांना एक बुरशी लागते. तीच मातीतलं अन्न त्यांच्यापर्यंत पोचवते. इथल्या मातीत ती नव्हती. मग विनोदिनी स्वतः डोंगरात गेली आणि जुन्या चिडांखालची दोन पोती माती रेल्वेने घेऊन आली. ती माती मिसळल्यावर तिसऱ्या खेपेची रोपं वीतभर झाली. सुयांसारख्या पानांचे तीन-तीनचे जुडगे, गर्द हिरवे. फेब्रुवारीत विनोदिनी पंधरा दिवस प्रशिक्षणाला गेली, आणि परत आल्यावर महिन्याभरात सुयांची टोकं पिवळी पडू लागली.

आज अहवाल द्यायचा होता. ‘उष्णतेमुळे’ एवढं लिहून तिने पेन खाली ठेवलं होतं. सकाळी फोनवर राघवेंद्र, तिचा वरिष्ठ, म्हणाला होता, “ऊनच लिही विनोदिनी. सगळ्यांना पटेल. फाईल बंद करू, तूही सुटशील.”

सुटायचं तर तिलाही होतं. पण उन्हाने करपतात ती रोपं अशी हळूहळू पिवळी पडत नाहीत. तिने एका रोपाची पिशवी कापली. मातीच्या वरच्या थरावर निळसर-हिरवी झाक होती. मुळांवर पांढरे धागे असायला हवे होते. मुळं नागडी होती.

तिने यशवंतरावांना बोलावलं. ते इथले मुकादम, महाराष्ट्राच्या सरहद्दीवरच्या गावचे, साठीला टेकलेले. घरची कपाशी मुलगा पाहायचा. हे रोजंदारीवर इथे राबत.

“यशवंतराव, या मातीत काय टाकलंत?”

“तांब्याची दवा.” ते जराही अडखळले नाहीत. “तुमी नव्हत्या तवा. एक रोप उपटून पाह्यलं तर मुळाले पांढरी बुरशी. कपाशीले अशी बुरशी लागली का आठ दिसात झाड बसते, मॅडम. सगळ्याइले टाकली. दहा तेवढी मरतुकडी होती, त्याइच्यावर दवा वाया कोन घालवते?”

त्या दहांचा शेंडा आता सर्वांत हिरवा होता.

“ती बुरशी झाडाची होती,” ती म्हणाली. “त्याला जेवायला घालणारी. तीच आणायला मी दोन दिवसांचा प्रवास केला होता.”

यशवंतराव खाली बसले. पिशवीतली माती त्यांनी चिमटीत घेतली आणि सोडून दिली. बाहेर नळाखाली कोणीतरी बादली लावली होती, ती भरून वाहत होती.

‘मुकादमाच्या निष्काळजीपणामुळे’ असं लिहिलं तर उद्यापासून त्यांचं काम जाईल, हे तिला ठाऊक होतं. ऊन लिहिलं तर कोणाचंच काही जाणार नव्हतं. फक्त चीड इथे होत नाही, ही खोटी गोष्ट कायमची कागदावर राहिली असती. तिने ‘उष्णतेमुळे’ खोडलं आणि लिहिलं: ‘मुळांवरच्या उपयुक्त बुरशीची माहिती मी कामगारांना दिली नव्हती. त्यामुळे बुरशीनाशक टाकलं गेलं.’ मग त्यांना वाचून दाखवलं.

“टाकलं गेलं म्हन्जे?” यशवंतराव म्हणाले. “आपसुकच गेलं का ते? माझं नाव काऊन नाई?”

“नाव लिहिलं तर तुम्हाला काढतील.”

“काढू द्या. तीस वर्सं झाडं पाहून राह्यलो. उद्या कोनी म्हनन का म्हाताऱ्याले काई समजे नाई, म्हनून बाईनं झाकलं. तसं नोका करू. मी बुरशी पाह्यली, मी दवा टाकली. अन् तुमी सांगतलं नाई, हेबी लिवा. दोनी लिवा.”

“ते लिहिलंच आहे.”

“मंग माझं तेवढं राह्यलं.”

विनोदिनीने त्यांच्याकडे पाहिलं. वाद घालायची ताकद तिच्यात नव्हती, आणि ते खरंच बोलत होते. तिने लिहिलं: ‘मुकादम यशवंतराव यांनी कपाशीच्या अनुभवावरून रोग समजून तांबेयुक्त औषध टाकलं. औषध न टाकलेली दहा रोपं जिवंत व निरोगी आहेत. प्रयोग अनिर्णित.’ खाली सही केली आणि पाठवून दिलं.

तासाभराने राघवेंद्रचा फोन आला. अनिर्णित हा शब्द वर कोणाला आवडणार नाही, तो म्हणाला. मुकादमाचं काय करायचं ते सोमवारी बघू. तोवर दहा रोपं ठेव, बाकी पिशव्या रिकाम्या कर.

“तुमचं सोमवारी बघू म्हणतात. तोवर त्या दहा सोडून बाकी पिशव्या रिकाम्या करायच्यात,” तिने फोन ठेवून सांगितलं.

“सोमवारी का?” यशवंतराव गुडघ्यावर हात टेकत उठले. “मंग शनिवारपावतर पिशव्या होतात माझ्याकडून. माती फेकू का ठेवू?”

“तांबं आहे तिच्यात. त्या दहांपासून लांब टाका.”

ते घमेलं घ्यायला गेले. विनोदिनी खुर्चीतच बसून राहिली. मग उठली आणि दुसरं घमेलं घेतलं.