सहा चाकं, दोन दांडे

स्टिअरिंग नसलेली गाडी वळवायची कशी, या एका प्रश्नापायी चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात आमच्या हैदराबादेतल्या गौलीगुड्याच्या घरात तीन महिने भांडण चाललं होतं. खरं सांगते, गाडी परवडली. या घरातली माणसं वळवताना माझ्या नाकी नऊ आले.

गाडी साधी नव्हतीच. एकेका बाजूला तीन अशी सहा चाकं, आणि त्यातलं एकही वळत नाही. डावीकडे जायचं तर डावी चाकं रोखायची, उजवी पळवायची, की गाडी जमीन खरवडत वळते. चिखलात चालते, पाण्यात तरंगते, आणि पाण्यात तीच चाकं वल्ह्यांचं काम करतात.

गाडी हवी होती सत्यवतीला. गोदावरी समुद्राला मिळते तिकडच्या एका बेटावर एका छोट्या संस्थेचा दवाखाना आहे, तिथली ती नर्स. आदल्या श्रावणात एका अडलेल्या बाईला घेऊन ती नावेतून निघाली, ओहोटी लागली आणि नाव चिखलात रुतली. पुढे ना नाव चाले ना माणूस. समोर रस्ता दिसत होता, आणि बाई नावेतच दगावली. आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या नि पाण्याचे टँकर बनवायचो, म्हणून संस्थेनं आम्हाला गाठलं. "पाऊस लागायच्या आत गाडी द्या," सत्यवती म्हणाली. बाकी काही मागितलं नाही तिनं.

आणि आमचं घोडं अडलं ते इंजिनाची ताकद दोन्ही बाजूंना वाटायची कशी यावर.

माझे सासरे एकनाथराव, आम्ही मामंजी म्हणतो, तीस वर्षं बस डेपोत फोरमन. त्यांचं मत तयारच होतं. "दोन क्लच, दोन ब्रेक. डावीकडे जायचंय? डावा क्लच ओढ, त्या चाकांची ताकद तुटली, मग डावा ब्रेक लाव. कायकू डोकं खराब करते?" नवरा शिवराज, त्याची तऱ्हा वेगळी. लायसन्स-परमिट गेलं, आता बाहेरचं काहीही मागवता येतं, हे त्याच्या डोक्यात भिनलेलं. कुठल्या तरी परदेशी कंपनीचं गुळगुळीत पुस्तक उशाशी घेऊन झोपायचा. दोन्ही बाजूंना तेलाच्या दाबावर चालणारे पंप आणि मोटारी, आणि मधे एक छोटासा दांडा.

"योगिनी, एका हातानं चालते गं! एका हातानं!"

"आणि दुसऱ्या हातानं काय वारा घ्यायचाय?" मी म्हटलं. "बेटावर तेलाचा पाइप फुटला तर तुझा साहेब येणार आहे का विमानानं? आधीच इंजिन सोळा घोड्यांचं, त्यातली पाव ताकद तुझं ते तेलच खाणार!"

मी पुण्याची, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, लग्नाला चार वर्षं झालेली. माझं मत या घरात लोणच्यासारखं होतं, पानात वाढायचे पण त्यानं जेवण ठरायचं नाही. माझं म्हणणं सोपं होतं. जुन्या मोटारीचं डिफरन्शियल, इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारी ती गिअरची पेटी, घ्या, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक ब्रेक बसवा. डावा दांडा ओढला की डावी बाजू मंदावते आणि तोच वेग उजवीकडे जातो, इंजिनाची पकड कुठंच सुटत नाही. जुम्मेरात बाजारात भंगारात मिळतं आणि ब्रेक कुणीही बदलतो.

"बघू," मामंजी म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी दोन क्लच घेऊन आले. अस्सा संताप आला मला!

या सगळ्या काळात सत्यवती तीनदा येऊन गेली. रात्रभर रेल्वेत बसून यायची बिचारी. हैदराबादेत नर्सिंग शिकलेली, त्यामुळे हिंदी बोलायची. पण तिला बोलू देतंय कोण! माझ्या सासूबाईंना, मालनबाईंना, पाहुणी दिसली की दुसरं काही सुचत नाही. हातपाय धू, चहा घे, पोहे घे. ती म्हणायची, "वर्कशॉप पाहते जरा." वर्कशॉप मागच्याच अंगणात होतं, वीस पावलांवर. सासूबाई तिचा हात धरून खाली बसवायच्या. "अगं, त्या तेलकटात काय बघायचंय? पुरण शिजतंय, बैस." मग पोळ्या, वर तुपाची धार, निघताना कुंकू लावून ओटी, खण, नारळ. आणि पोरगी परत गाडीत बसून बेटावर. पोळ्या तिच्या पानात मीच वाढत होते.

मे महिन्यात मामंजींच्या दोन क्लचची गाडी शहराबाहेरच्या एका तळ्यावर नेली. बांधाच्या उतारावरून पाण्यात उतरायचं होतं. मी तीन वेळा सांगितलं, "मामंजी, उतारावर उलटं होईल." त्यांनी हात झटकला आणि स्वतः बसले. उतार लागला, इंजिन गाडीला मागे धरून ठेवत होतं. मामंजींनी डावा क्लच ओढला, झालं, डाव्या चाकांची तेवढी पकड सुटली, डावी बाजू पुढे धावली आणि गाडी वळली उजवीकडे! ब्रेक राहिला बाजूला, ते आणखी जोरात क्लच ओढतायत, गाडी आणखी उजवीकडे. शेवटी धोब्यानं वाळत घातलेल्या चादरींत जाऊन थांबली.

चादर डोक्यावरून काढत मामंजी म्हणाले, "बांधच तिरका है."

मी कपाळाला हात लावला. त्याच आठवड्यात शिवराजला फॅक्स आला की माल आठ महिन्यांनी मिळेल. आठ महिने! पाऊस काय यांच्यासाठी थांबणार होता? तेव्हा कुठं, नाइलाजानं, माझं डिफरन्शियल गाडीत बसलं.

आणि चाललं हो! उतारावर चाललं, चिखलात चाललं, पाण्यात तर झोकात वळलं. मी स्वतः चालवून पाहिलं. दांडे इतके हलके केले होते की सासूबाईंनीही ओढले असते. शिवराज टाळ्या वाजवत होता. मामंजी म्हणाले, "ठीक है." एवढं ऐकायला चार वर्षं लागली होती मला, मी दिवसभर हवेत होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सत्यवती गाडी बघायला आली. सासूबाईंनी तळ्यावरही पोळ्यांचा डबा आणला होता. या वेळी मी तिला आधी गाडीकडे नेलं. ती चालकाच्या जागी बसली, मागे वळून पेशंटला झोपवायची फळी बघितली आणि मग समोरचे दोन दांडे.

"दोन्ही हात लागतात?"

"हो," मी तोऱ्यात सांगितलं. "डाव्याला डावा, उजव्याला उजवा. अगदी हलके आहेत."

तिनं उजवा हात दांड्यावर ठेवला. डावा हात मागे नेला, फळीच्या दिशेनं, आणि तशीच बसून राहिली.

"काय झालं?"

"अक्का, मागे पेशंट असते ना," ती हळूच म्हणाली. "कळा सुरू झाल्या की बाई हात सोडत नाही. दवाखान्यात मी एकटीच, दुसरं कोण येणार बरोबर? त्या दिवशीही तिनं सोडला नव्हता. शेवटपर्यंत."

मला कुणावर तरी भडकायचं होतं. एरवी या घरात भडकायला तीन माणसं हाताशी असतात, त्या दिवशी एकही सापडेना. शिवराजनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि पाहिलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या हातानं काय वारा घ्यायचाय! तोंडातून निघालेलं ते वाक्य माझंच होतं.

"अगं, मग तीनदा आलीस, सांगितलं का नाहीस?" मी शेवटी तिच्यावरच खेकसले.

"कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही जेवायला वाढत होता."

लाज वाटली मला. इंजिनाची ताकद मोजली, दांड्यांचा जोर मोजला, चिखलाची खोली विचारून घेतली. ज्या बाईला गाडी चालवायची, तिला "आणखी एक घे, लाजू नको" याखेरीज काही विचारलं नव्हतं.

मामंजी तोवर उठून धोब्याच्या सायकलजवळ गेले होते. हँडल धरून डावीकडे वळवून बघत होते, उजवीकडे वळवून बघत होते. "सायकल चालवतेस?" त्यांनी सत्यवतीला विचारलं.

"रोज. एका हातात लशींचा डबा असतो."

"सूनबाई," मामंजी म्हणाले, "तुझं डिफरन्शियल राहू दे तसंच. दांडे काढ."

चार वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं न भांडता कामाला लागलो. मधोमध एक हँडल, ते डावीकडे वळलं की डाव्या ब्रेकची तार ओढली जाते, उजवीकडे वळलं की उजव्या. थांबायला आणि वेगाला पायाखाली पेडल. सहा दिवस लागले. सत्यवती सहाही दिवस राहिली, आणि सासूबाईंनी तिचं ताट वर्कशॉपमध्ये आणून दिलं. सीट किती पुढे, हँडल किती उंच, तिचा हात मागे कुठवर पोचतो, सगळं तिच्या अंगावर माप घेऊन केलं.

सातव्या दिवशी तळ्यावर पेशंट म्हणून मी मागच्या फळीवर झोपले. पाऊस टेकलाच होता, पाण्याला वारा लागला होता. सत्यवतीनं डावा हात मागे केला. "धरा," ती म्हणाली, "कळ आल्यावर धरतात तसा."

मी धरला. गाडी बांध उतरली, पाण्यात शिरली, हेलकावली. मला तिची पाठ आणि आभाळ एवढंच दिसत होतं. ती बाई अशीच झोपली असेल, असंच आभाळ बघत, आणि नाव हलत नसेल, हे मनात आलं आणि माझी बोटं आवळली गेली. गाडी डावीकडे वळली, मग उजवीकडे. मग चाकांखाली चिखल लागला, मग घट्ट जमीन. मला कळलंच नाही.

"अक्का," सत्यवती मागे वळून म्हणाली, "हात सोडा. पोचलो आपण."